गाढी नदीची राखण

नवी मुंबईत नदी आहे का? हा प्रश्न आम्ही पुष्कळांना विचारला. "खाडी आहे, नाले आहेत. नदी कुठली?" असेच बहुतेकांनी सांगितले. सांगणारी माणसे इथे वीस-वीस वर्षे राहिलेली. रोज पनवेलच्या पुलावरून जाणारी. पुलाखाली त्यांना हिरवट-काळे पाणी दिसते. पाण्यावर पिशव्या तरंगताना दिसतात. म्हणून ती त्याला नाला म्हणतात.

तो नाला नव्हे. ती गाढी नदी आहे. तिला नाला म्हटले की पुढचे सारे सोपे होते. नाल्यात कचरा टाकायला मन कचरत नाही. नदीत टाकायला थोडे तरी कचरते. म्हणून या पाठात आधी नदीची ओळख करून घेऊ. तिची राखण कशी करायची ते मग पाहू.

माथेरानचा डोंगर तुम्ही ऐकला असेल. त्या डोंगरावर पाऊस फार पडतो. पडलेले पाणी डोंगराच्या बाजूंनी खाली उतरते. पूर्वेकडचे पाणी उल्हास नदीला मिळते. दक्षिणेकडे धावरी नदी आहे. तिच्यावर मोरबे धरण आहे. वाशी, नेरूळ, बेलापूर इथल्या नळांना त्या धरणाचे पाणी येते. आणि पश्चिमेकडे, माथेरान आणि प्रबळगड यांच्या मधल्या खोऱ्यात, आपली गाढी जन्म घेते. म्हणजे पाहा, वाशीकरांचे पाणी आणि पनवेलकरांची नदी एकाच डोंगराची लेकरे आहेत.

खोऱ्याच्या वरच्या टोकाला धोदाणी, मालडुंगे ही गावे आहेत. इथे ठाकूर आणि कातकरी लोकांच्या वाड्या आहेत. धोदाणीहून एक पायवाट थेट माथेरानला चढते. दूध, भाजी डोक्यावर घेऊन बायामाणसे ही वाट वर्षानुवर्षे चढत आली आहेत. इथले पाणी ओंजळीत घेतले तर हाताच्या रेषा दिसतात. नदी काळ्या खडकांवरून उड्या मारीत येते. काठाला उंबर, करंज, जांभूळ ही झाडे. खडकावर खंड्या पक्षी बसलेला असतो. निळा पंख चमकतो, पाण्यात सूर मारतो आणि मासा घेऊन परत जागेवर.

थोडे खाली देहरंग गावाजवळ धरण आहे. त्याला गाढेश्वर धरण म्हणतात. ते पनवेल महापालिकेचे आहे. पनवेल शहराला यातून पाणी मिळते. धरण लहान आहे. उन्हाळ्यात पाणी पुरत नाही. मग पाताळगंगेचे पाणी आणावे लागते. श्रावणात इथे उभे राहावे. समोर प्रबळगड आणि कलावंतिणीचा सुळका. दोन्हींच्या कमरेला ढग. कड्यावरून पाण्याच्या पांढऱ्या दोऱ्या लोंबत असतात. उतारावर तेरडा फुललेला. हे पाहायला आपले लोक काश्मीरला जायचा विचार करतात आणि पनवेलहून इथे यायचा करीत नाहीत, याचे आम्हाला नवल वाटते.

पण एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. पावसाळ्यात धरणावर आणि नदीच्या पात्रात उतरू नका. दरवर्षी तरुण मुले बुडतात. म्हणून पोलीस त्या दिवसांत बंदी घालतात. बंदीचा फलक वाचता येत असून न वाचणारे पुष्कळ आहेत. खाली ऊन असते, वर माथेरानला धो-धो पाऊस पडत असतो. ते पाणी थोड्या वेळात खाली पोचते. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यात पालापाचोळा, काटक्या वाहू लागल्या, की समजावे पूर आला. चपला शोधत बसू नये. आधी वर यावे.

धरणाच्या खाली नदी मैदानात येते. वाजे, नेरे, विचुंबे अशी गावे लागतात. नेऱ्याजवळ कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. एके काळी ज्यांना गाव जवळ करीत नव्हते, त्यांना तिथे घर मिळाले. इथपर्यंत शेते आहेत, आंब्याची झाडे आहेत. पुढे इमारती सुरू होतात. आणि इथूनच नदीचा रंग बदलू लागतो.

जुने लोक वलगणीच्या माशांची गोष्ट सांगतात. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की मासे नदीतून ओढ्यात आणि ओढ्यातून भातखाचरात चढतात. अंडी घालण्यासाठी ते उलट्या पाण्याने वर येतात. यालाच वलगण म्हणतात. शिवडे, मळ्ये, शिंगट्या टोपलीने मिळत. आता पुष्कळ ओढे इमारतींखाली गेले. मासा वर चढणार कुठून? ज्या थोड्या ठिकाणी वलगण अजून चढते, तिथे सगळे मासे मारून टाकतात. पोटात अंडी असलेली एक मासळी मारली, तर पुढच्या वर्षीची टोपलीच आपण आज फोडली असे होते. पूर्वीचे कोळी-आगरी लोक काही मासे मुद्दाम सोडून देत. ते काही पुस्तके वाचून शिकले नव्हते.

मासे जातात कुठे, ते नीट समजून घेऊ. पाण्यातही हवा मिसळलेली असते. मासे ती घेतात. घरातले सांडपाणी, शिळे अन्न, निर्माल्य हे सारे पाण्यात कुजते. कुजताना पाण्यातली हवा संपते. मग माशांचा जीव गुदमरतो. पाणी काळे होते, त्याला वास येतो. संथ, घाण पाण्यावर जलपर्णी माजते. तिची जांभळी फुले दिसायला छान, पण तिने पाणी झाकले की खाली अंधार होतो आणि उरलेली हवाही जाते. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली. आपल्याकडे ती पाहुणी म्हणून आली आणि घरमालकीण होऊन बसली.

पनवेलच्या पुढे गाढी खाडीला मिळते. एके काळी या खाडीतून गलबते पनवेलच्या बंदरात येत. घाटावरचा माल इथे उतरे. पनवेलची बैलगाडीची चाके प्रसिद्ध होती. १९७० साली सिडको स्थापन झाली. पंच्याण्णव गावांच्या जमिनीवर नवे शहर वसू लागले. मिठागरे गेली, भातशेती गेली. खाडीच्या तोंडाशी आता विमानतळ झाला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्याच्यासाठी उलव्याचा डोंगर कापला आणि उलवे नदीचा प्रवाह वळवला. शहर व्हायला हवे होते, विमानही हवे. पण एक डोंगर आणि एका नदीची वाट त्याच्या खर्चात धरली पाहिजे, एवढे आम्हाला वाटते.

तरी खाडीकाठी अजून पाहण्यासारखे पुष्कळ आहे. ओहोटीला चिखल उघडा पडतो. त्यावर निवट्या टुणटुण उड्या मारतात. चिंबोऱ्या बिळातून डोकावतात. तिवरांची मुळे चिखलातून वर बोटे काढल्यासारखी उभी असतात. तिवर त्या मुळांनी श्वास घेतो. त्यांत प्लॅस्टिक अडकले की झाडाचा श्वास अडतो. हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी येतात. सारा चिखल गुलाबी दिसतो. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तिवरे तोडायला कायद्याने बंदी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली आणि पुन्हा २०१८ साली तसे सांगितले आहे.

तिवर काय कामाचे, ते २६ जुलै २००५ या दिवसाने दाखवले. मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्याकडेही गाढीला आणि काळुंद्रेला मोठा पूर आला. पनवेलमध्ये पाणी घराघरांत शिरले. पूर आणि भरती एकाच वेळी आली तर नदीचे पाणी समुद्रात जाऊ शकत नाही. ते मागे फिरते. त्या वेळी त्याला पसरायला जागा लागते. खाजणे, तिवरांचे चिखल ही ती जागा. तिथे राडारोडा टाकून भराव केला, की पाणी आपल्या ओटीवर येते. पाण्याला रागलोभ नाही. त्याला फक्त जागा हवी असते.

आता राखणीकडे वळू. शेतात पीक आले की राखण बसते. माचाणावर बसून गोफण फिरवावी लागते. कोकणात गावाला राखणदार देव असतो. गाढीला मात्र राखणदार नाही. महापालिका आहे, ग्रामपंचायत आहे, सरकारी मंडळ आहे. त्यांचे काम त्यांनी करावेच. पण रोज पुलावरून जाणारे डोळे आपले आहेत.

नवी मुंबईत हे काम सुरू आहे. तरुण मुलेमुली, नोकरदार, निवृत्त माणसे सुट्टीच्या दिवशी खाडीकाठी जमतात आणि तिवरांतले प्लॅस्टिक काढतात. पगार नाही, हुकूम नाही. गाडगे महाराज गावात आले की आधी खराटा घेऊन रस्ता झाडीत, कीर्तन रात्री करीत. तीच ही रीत. पंजाबात काली बेईं नावाची नदी आहे. लांबी १६० किलोमीटर. तिची गटार झाली होती. २००० साली संत बलबीरसिंग सीचेवाल स्वतः पाण्यात उतरले. त्यांच्यामागे गावोगावचे लोक आले. हातांनी जलपर्णी उपटली, गाळ काढला, काठाने झाडे लावली. नदी पुन्हा वाहू लागली. पण त्यांनी एवढ्यावर थांबवले नाही. गावांचे सांडपाणी नदीत जाऊ नये म्हणून गावांत वेगळी सोय उभी केली. खरे काम ते होते.

पाच-सहा जण जमले तरी सुरुवात होते. पावसाळा सरल्यावर, कार्तिक महिन्यापासून काम घ्यावे. पाणी उतरलेले असते, काठ वाळलेला असतो. जुने कपडे, बंद बूट आणि रबरी हातमोजे घालावेत. अनवाणी जाऊ नये. घाण पाण्यात उंदरांचे मूत असते. पायाला जखम असली तर त्यातून लेप्टोचा ताप येतो. ताप आला तर अंगावर काढू नका, दवाखान्यात जा आणि नदीवर काम केले होते हे डॉक्टरांना सांगा. दंताळे, घमेली आणि पोती बरोबर घ्यावीत. खाडीकाठी जायचे तर ओहोटीची वेळ आधी विचारून घ्यावी. कोळी दादांना ती तोंडपाठ असते.

प्लॅस्टिक, काच, कापड आणि थर्मोकोल वेगवेगळ्या पोत्यांत भरावे. महापालिकेच्या आरोग्य विभागाला दोन दिवस आधी कळवावे, म्हणजे पोती न्यायला गाडी येते. हे न कळवता काम केले तर पोती काठावरच राहतात आणि पहिल्या भरतीला पुन्हा पाण्यात जातात. काढलेला कचरा जाळू नये. प्लॅस्टिकचा धूर विषारी असतो.

काय काढू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. काठावरचे गवत, झुडपे, निर्गुडी उपटू नका. तीच माती धरून ठेवते. पाण्यात पडलेली वाळकी फांदी हा कचरा नव्हे, माशांच्या पिलांचे ते घर आहे. सुशोभीकरणाच्या नावाखाली काठाला सिमेंटची भिंत आणि फरशी घालायची टूम आता निघाली आहे. आम्हाला ती पसंत नाही. भिंतीत खंड्याला बीळ करता येत नाही, चिखलात निवटी राहते ती फरशीवर राहत नाही. बसायला चार बाकडी पुरतात.

गणपतीच्या दिवसांचे बोलू. प्लास्टरची मूर्ती पाण्यात विरघळत नाही. दुसऱ्या दिवशी ओहोटीला काठावर जाऊन पाहा. जिची दहा दिवस पूजा केली, तिचे हात-पाय चिखलात पडलेले असतात. ते पाहून कोणत्याही भक्ताच्या पोटात कालवते. शाडूची लहान मूर्ती घ्यावी आणि महापालिकेने केलेल्या कृत्रिम तलावात विसर्जन करावे. निर्माल्य कलशात टाकावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे पटवणे कठीण जाते. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांना एकदा तो काठ दाखवावा.

मात्र हातांनी न निघणारी घाणही असते. तळोज्याची कासाडी नदी पाहा. तिच्या काठी कारखान्यांची वसाहत आहे. कोळी बांधव सांगू लागले की जाळ्यात मासे येईनात, पाण्याला औषधासारखा वास येतो. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात निळ्या रंगाचे कुत्रे फिरताना दिसले. कारखान्याच्या रंगाने ते निळे झाले होते. कुत्र्यांची छायाचित्रे देशोदेशी छापून आली आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला. कासाडीच्या पाण्याबद्दल पनवेलच्या एका नगरसेवकाने राष्ट्रीय हरित लवादाकडे तक्रार नेली. लवादाने चौकशी लावली, पैसे भरायचे आदेश दिले. कोळ्यांनी जे नाकाने ओळखले होते, ते कागदावर आल्यावर हलले.

म्हणून दंताळ्याबरोबर वही हवी. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. त्याचा हा उपयोग. शंभर पानी वही घ्या. तारीख, वेळ आणि जागा लिहा. मग जे दिसले ते लिहा. पाण्याचा रंग, वास, फेस. काचेच्या बाटलीत पाणी घेऊन उजेडात धरा. दगड उलटून पाहा. चतुराची पिले दिसली तर पाणी बरे. नुसते बारीक लाल किडे वळवळत असतील तर पाणी घाण. दिसलेले पक्षीही लिहा. खंड्या आला, बगळे आले, पळस फुलला, हेही लिहा. नुसती घाण लिहिली तर महिनाभरात वहीचा कंटाळा येईल. चांगले दिसलेले लिहिले तर पुन्हा जावेसे वाटेल.

वहीत एकच गोष्ट तीन-चार वेळा दिसली, की अर्ज करा. घरगुती सांडपाणी, कचरा, राडारोडा यांसाठी शहरात महापालिका आणि खेड्यात ग्रामपंचायत. कारखान्याचे पाणी असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. अर्ज असा लिहावा:

प्रति,
मा. आयुक्त, पनवेल महानगरपालिका, पनवेल.

विषय: गाढी नदीच्या काठावर टाकलेला राडारोडा उचलणेबाबत.

महोदय,
आम्ही खाली सही करणारे रहिवासी आहोत. आमच्या वस्तीमागे पुलापासून वरच्या बाजूला नदीकाठी राडारोडा टाकला जात आहे. दि. ........, ........ व ........ रोजी पहाटे गाड्या आल्याचे आम्ही पाहिले. नदीचे पात्र त्यामुळे अरुंद झाले आहे. पावसाळ्यात वस्तीत पाणी शिरण्याचा धोका आहे. तरी राडारोडा उचलावा आणि तिथे पुन्हा टाकला जाणार नाही अशी व्यवस्था करावी, ही विनंती. सोबत छायाचित्रे जोडली आहेत.

आपले नम्र,
(नावे व सह्या)

अर्जात शिवीगाळ नको, अंदाज नको. "सगळे चोर आहेत" असे लिहिले की अर्ज बाजूला पडतो. जे पाहिले तेवढेच लिहावे. तारखा असल्या की वाचणाऱ्याला टाळता येत नाही. अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्या. दुसरीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. याला पोच म्हणतात. खिडकीवरचा माणूस "पोच कशाला?" म्हणेल. हसून "असू द्या साहेब" म्हणावे, पण पोच घेतल्याशिवाय हलू नये. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करता येतो. त्याचा कायदा २००५ सालचा आहे. दहा रुपयांचे तिकीट लावून विचारावे, "आमच्या अमुक तारखेच्या अर्जावर काय केले?" तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावे लागते.

वाचा आणि लिहा

तुमच्या घराजवळचा ओढा कोणता? तो कोणत्या नदीला मिळतो? त्याला पूर्वी काय नाव होते? शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. त्यात कोणते मासे मिळत, तेही विचारा. नावे जशी ऐकाल तशीच वहीत लिहा. रविवारी सकाळी त्या ओढ्यावर जा. काय दिसले ते दहा ओळींत लिहा. अर्जाचा नमुना स्वतःच्या हाताने एकदा उतरवून काढा आणि तारखांच्या जागी तुमच्या वहीतल्या तारखा घाला.